माझ्या अपयशाचे पुरावे

रेल्वेच्या फलाटांवर पूर्वी वजनाची यंत्रे असत. रंगीत दिवे लुकलुकत, काचेमागचे चक्र गरगर फिरे आणि नाणे टाकले की पुठ्ठ्याचे एक जाडसर तिकीट खाली पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी फक्त भविष्य वाचीत असे. ‘आपण प्रेमळ असून लवकरच आपणांस यश मिळेल’ अशा थाटाचे काही तरी त्यावर असायचे, आणि मी प्रेमळ असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवून तिकीट खिशात टाकायचो. घरी आल्यावर सौ. ते उलटून पाही आणि काही न बोलता ठेवून देई. कुठे ठेवी, हे मी कधी विचारले नाही. पुढे विचारावे लागले, म्हणून तर हा लेख.

यंदा मार्चमध्ये ठाण्याच्या तीन हात नाक्यावर, लाल सिग्नलला, मी गाडी चालवता चालवता झोपलो. म्हणजे गाडी थांबलेली होती; पण माझा ब्रेकवरचा पाय सुटला आणि ती हळूच पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली. रिक्षावाला उतरून आला, त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, “काका, घरी झोपा ना!” वेळ सकाळी साडेदहाची होती. मी हसलो. शेजारी बसलेली सौ. हसली नाही. तिने गाडी घराकडे वळवायला लावली नाही, तर डॉक्टरांकडे.

आमचे डॉक्टर गेली वीस वर्षे “वजन कमी करा” असे म्हणत आले आहेत आणि मी “हो” म्हणत आलो आहे. इतक्या एकमताने चाललेला संवाद आमच्या सोसायटीच्या सभेतही मी पाहिलेला नाही. या खेपेला मात्र त्यांनी मला थेट सर्जनकडे पाठवले. सर्जन तरुण होते आणि चित्र काढून समजावून सांगत होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, पोटाला चार-पाच लहान छिद्रे, आणि जठराचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग कापून बाहेर. उरतो तो केळ्याएवढा एक नळा. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक बहुतांशी त्या कापलेल्या भागातच तयार होते, म्हणून भूकही कमी होते. पुढे आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वाटीभर जेवण. “आणि न कापता?” मी विचारले. त्यांनी आठवड्याला एक टोचायच्या नव्या इंजेक्शनांचीही माहिती दिली. २०२५ पासून ती आपल्याकडेही मिळू लागली आहेत. पण माझा रक्तदाब, साखर आणि झोप हे सगळे पाहून त्यांचे मत ऑपरेशनकडे झुकले. खर्चाचा अंदाज सव्वाचार लाखांचा. आमची पाच लाखांची आरोग्य विम्याची पॉलिसी २०१२ पासून एकही वर्ष न चुकता चालू होती आणि तिचा आम्ही एका रुपयाचाही उपयोग केला नव्हता. मी निर्धास्त होतो.

हॉस्पिटलच्या विमा-खिडकीवरची मुलगी आमच्या चिरंजीवांच्या वयाची होती. तिने विचारले, “काका, उंची? वजन?” १६८ सेंटिमीटर आणि १०९ किलो. तिने बोटाने दोन-चार आकडे दाबले आणि चेहरा पाडला. “अडतीस पॉइंट सहा. चाळीस असते तर बरं झालं असतं.”

माझे वजन कमी आहे असे मला म्हणणारी ही जगातली पहिली व्यक्ती!

हा आकडा म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने काढले. तो काही वैद्य नव्हता. सरासरी माणूस कसा असतो एवढेच त्याला पाहायचे होते. १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. त्या दोघांपैकी कुणालाही ठाण्याच्या एका कारकुनाचे जठर या भागाकारावर टांगलेले असेल याची कल्पना नसणार.

नियम असा. पूर्वी बहुतेक पॉलिसींतून हे ऑपरेशन सरसकट वगळलेले असे. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी वगळण्याच्या अटींची भाषा एकसारखी केली, आणि त्यात या ऑपरेशनला एक दार ठेवले. डॉक्टरांचा सल्ला हवा, वैद्यकीय पद्धतीला धरून हवे, वय अठराच्या पुढे हवे आणि इंडेक्स चाळीस किंवा जास्त हवा. पस्तीस ते चाळीसमध्ये असाल तर स्थूलतेमुळे आलेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र विकार, किंवा आटोक्यात न राहणारा मधुमेह, यांपैकी एक हवा. शिवाय साध्या उपायांनी वजन उतरले नाही हे दिसायला हवे. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे आकडे पुष्कळ खाली आणले. आशियाई माणसाच्या बाबतीत तर साडेसत्तावीसपासूनच विचार व्हावा असे म्हटले. सर्जनसाहेबांच्या हिशेबात मी केव्हाच पास झालो होतो. पण माझी पॉलिसी २०१९ च्या भाषेत बोलत होती.

“मधुमेह आहे ना!” मी आशेने म्हणालो. मुलीने रिपोर्ट पाहिला. “काका, हा कंट्रोलमध्ये आहे.” अकरा वर्षे वेळेवर गोळ्या घेतल्याचे हे फळ. संध्याकाळी मेव्हणे आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एका मिनिटात तोड काढली : “भाऊजी, चारच किलो कमी पडतायत. आंब्याचे दिवस आहेत. पंधरा दिवसांत चाळीस गाठाल!” हिशेब बरोबर होता. मीही क्षणभर मोहात पडलो, हे कबूल करतो. सौ.ने मेव्हण्यांच्या पुढ्यातली आमरसाची वाटी उचलून आत नेली.

उरली झोप. एका रात्रीसाठी मला हॉस्पिटलात निजवले. डोक्याला, छातीला, पायांना तारा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. अशा अवस्थेत झोप कशी येणार, असे मी म्हणालो आणि त्यानंतरचे मला काही आठवत नाही. सकाळी रिपोर्ट आला. तासाला सरासरी ४६ वेळा माझा श्वास थांबत किंवा मंदावत होता. तिसाच्या वर तीव्र समजतात. सर्वांत लांब खंड ५८ सेकंदांचा. रक्तातला प्राणवायू एकदा ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

झोपेच्या डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. “हे किती दिवसांपासून आहे?” त्यांनी मला विचारले. मला काय ठाऊक! मी झोपलेला असतो. मी म्हणालो, “घोरतो थोडा.”

“आठ वर्षं,” सौ. म्हणाली. “मुलाची दहावी होती त्या वर्षापासून. आधी घोरणं थांबतं. मग मी मोजते. चाळीसपर्यंत बहुतेक येतो श्वास. पन्नास झाले की मी कोपर मारते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले.

त्या कोपरांबद्दल मी काय काय बोललो आहे! ऑफिसात, गाडीच्या ग्रुपमध्ये, लग्नाच्या पंगतीत. बायको झोपेतसुद्धा मारते, या विनोदावर मी आठ वर्षे टाळ्या घेतल्या. एकदा तर तिच्या समोरच सांगितला होता. ती तेव्हाही हसली होती, असे मला आता आठवते.

अर्ज गेला. २०२४ पासून कॅशलेसच्या अर्जाला तासाभरात उत्तर द्यावे असा विमा कंपन्यांना नियम झाला आहे, आणि माझ्या अर्जाला तासाभराच्या आत उत्तर आले हे मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ते उत्तर म्हणजे तीन प्रश्न होते. मधुमेह व रक्तदाब कधीपासून? सर्जनचे सविस्तर पत्र कुठे? आणि वजन कमी करण्याचे पूर्वी केलेले प्रयत्न व त्यांचे अपयश यांचा लेखी पुरावा काय?

पहिल्या दोहोंची उत्तरे डॉक्टरांनी दिली. तिसऱ्याशी मी अडलो. अपयशाचा पुरावा कोण जपून ठेवतो? शाळेत नापास झालेले प्रगतिपुस्तक मी स्वतः बंबात घातले होते. मग सौ.ने माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला.

त्यात सगळे होते. २००९ च्या जिमची वर्षाची पावती. गेलो होतो नऊ दिवस. आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेले तीन तक्ते, प्रत्येकावर तारीख आणि त्या दिवशीचे वजन : ९६, ९४, ९९. निसर्गोपचार केंद्राचे बिल. योगवर्गाचे ओळखपत्र, त्यावर माझा बऱ्यापैकी बारीक फोटो. दोन वेळच्या जेवणाऐवजी घ्यायच्या एका पावडरीची तीन बिले. ती मी तिच्यापासून लपवली आहेत अशी माझी पक्की समजूत होती. आणि सर्वांत तळाशी फलाटावरची ती तिकिटे. कल्याण, दादर, पुणे. भविष्य खाली, वजन वर. पावत्या मी गंभीरपणे तारीखवार लावल्या. तिकिटे तेवढी विमा-खिडकीवरच्या मुलीने परत केली, पण सगळी वाचून झाल्यावर.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. चाळीस वर्षांत माझ्या कोणत्याही यशावर इतक्या त्वरेने शिक्का बसलेला नाही.

त्यानंतरच्या तपासण्यांबद्दल फारसे सांगत नाही. एंडोस्कोपी, हृदयाची सोनोग्राफी, फुंकर मारायचे यंत्र, भूलतज्ज्ञांचे प्रश्न, सगळे रीतीप्रमाणे झाले. मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवतात. ते गृहस्थ शांत होते. त्यांनी विचारले, “तुम्हाला शेवटची खरी भूक कधी लागली होती?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच बसून राहिलो. खाल्लेले सगळे आठवत होते. भूक आठवेना.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे यकृतावरची चरबी उतरावी म्हणून मोजका, प्रथिनांचा आणि बराचसा पातळ आहार असतो. यकृत मोठे असले तर दुर्बिणीला जठरापर्यंत वाट मिळत नाही. हे दोन आठवडे नेमके गणपतीत आले. घरात मोदकांची उकड निघत होती आणि मी ताकाचा पेला धरून लंबोदरासमोर आरती म्हणत होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहणे टाळले. डॉक्टरीणबाईंनी झोपताना लावायला हवेच्या दाबाचा मुखवटा दिला होता. तो लावला की मी गणपतीच्याच कुळातला दिसतो, असे चिरंजीवांचे मत पडले.

मुखवटा लावून झोपलो त्या पहिल्या रात्री सौ. तीनदा उठून बसली. घोरणे नाही, खंड नाही, हवेची बारीक सूं सूं तेवढी. तिला झोपच येईना. चौथ्या-पाचव्या रात्रीनंतर मात्र ती अशी झोपू लागली की सकाळचे दूध मी घेऊ लागलो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या ताटलीत चकली असेल आणि सारे ठीक झाले असेल तर माझ्यापुढे चार चमचे मऊ भात. हे मी लिहितो आहे ते दाखल होण्याच्या दिवशी पहाटे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तीत फाइल, मुखवटा आणि विम्याचे पत्र. काल रात्री मला झोप नव्हती. दोनच्या सुमारास शेजारी हालचाल झाली. खोलीत अंधार होता. सौ. जागी झाली होती, आणि अगदी हलक्या आवाजात मोजत होती. सात, आठ, नऊ. मी मुद्दाम एक मोठा श्वास घेतला. ती थांबली आणि कूस बदलून झोपली.