कानोसा घेतात, डूख धरतात

इंग्रजी शब्द वाढवायचे म्हणजे वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी ही रेघ हलली नाही. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आठवी-नववीला शिकवताना मी ती बंद केली आणि एकच अट घातली : नाम लिहायचं ते वाक्यासकट, आणि वाक्य खरं हवं. ‘राम इज अ गुड बॉय’ चालणार नाही. कोण राम? काय चांगलं केलं त्यानं?

नाम एकटं पाठ होतं, पण एकटं वापरता येत नाही. मराठीत कानोसा ‘घेतात’, डूख ‘धरतात’, हुलकावणी ‘देतात’. कानोसा कुणी ‘करत’ नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मोल्सवर्थनं मात्र ते नोंदवून ठेवलं. १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढवलेल्या त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात कितीतरी नामांपुढे कुठली क्रियापदं लागतात ते दिलेलं आहे. परक्या माणसाला नेमकं तिथंच अडतं, हे त्या परक्या माणसाला बरोबर कळलं होतं. आमची पोरं इंग्रजीच्या दारात तशीच परकी. म्हणून ‘ग्लिम्प्स’ लिहायचं ते ‘कॅच’सकट, ‘ग्रज’ लिहायचं ते ‘बेअर’सकट.

‘ग्रज’वर एकानं लिहिलं, ‘माय अंकल बेअर्स अ ग्रज अगेन्स्ट अवर नेबर ओव्हर द बांध.’ बांधाला इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस म्हटलं. वर्गात ज्यांच्या घरी बांधाचं भांडण नाही अशी मुलं थोडीच. ‘ग्रज’ कुणाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. एकाचे वडील जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये पाळीला जातात. त्याला भट्टीसाठी ‘लाइट’ पुरेना, मग ‘ग्लेअर’ दिला. डोळे मिटायला लावणारा उजेड त्याला वडिलांकडून ठाऊक होताच.

खरी गंमत ‘विंडफॉल’ची. वाऱ्यानं खाली पडलेलं फळ, त्यावरून अचानक झालेला लाभ, असं मी सांगितलं आणि वर्ग बिथरला. इथं मोसंबीच्या बागा. हिवाळ्यात झाडांना ताण देऊन आंबे बहार धरायचा, उन्हाळाभर पाणी पुरवायचं आणि ऐन श्रावण-भाद्रपदात फळगळ सुरू झाली की वर्षाचा हिशेब मातीत. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, वाऱ्यानं मोसंबी पडली की आमचा बाप डोक्याला हात लावून बसतो. लाभ कसला?” कोश चूक नव्हता आणि पोरगाही चूक नव्हता. मी उत्तर दिलं नाही, वाक्य मागितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं वाचून दाखवलं, ‘द स्टॉर्म वॉज अ विंडफॉल फॉर द ज्यूस सेलर, नॉट फॉर माय फादर.’ पडलेला माल मातीमोल भावानं रसवाल्याकडे जातो, हे तिनं पाहिलेलं. लाभ कुणाचा, हे ‘फॉर’ या एवढ्याशा शब्दानं ठरवलं. असं वाक्य मला गाइडमध्ये सापडलं नसतं. (गाइडवाल्यांचं लक्ष परीक्षेवर, तेही त्यांच्या जागी ठीक.)

‘होप’, ‘ऑनेस्टी’, ‘सक्सेस’ ही मोठी नामं मी वर्षाच्या शेवटाला ठेवतो. ती आधी दिली की भिंतीवरच्या सुविचारासारखी वाक्यं येतात आणि सगळ्यांची एकसारखी येतात. ‘व्हिफ’, ‘थ्रॉन्ग’, ‘ड्रिझल’ आधी. जांब समर्थ गावी रामनवमीच्या गर्दीत गेलेल्या मुलाला ‘थ्रॉन्ग’चा अर्थ सांगायचा नसतो, फक्त शब्द द्यायचा असतो.

ही पद्धत हळू चालते, आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत ती टिकवणं अवघड जातं. पण घरी आईवडिलांना जमण्यासारखी आहे. त्यांना इंग्रजी यायलाच हवं असं नाही. मुलानं नवा शब्द सांगितला की अर्थ विचारू नका. त्यावर आपल्या घरातलं, शेतातलं वाक्य करायला सांगा, आणि ते खरं आहे का तेवढं तपासा. रोज एक नाम पुरे.