आबांस, हिंगोलीकडून

वसमत, शनिवार

ती. आबांना सा. न.

पूर्णेला गाडी बदलून रूमपार्टनरच्या घरी सुखरूप पोचलो. इकडे हळदीची धांदल आहे. शेताशेतात हळद शिजतेय, कपड्यांना वाफेचा उग्र वास बसलाय. त्याचे काका कंदात काडी टोचून बघतात. सहज आरपार गेली की घाणा उतरवायचा.

रात्री ओट्यावर रूमपार्टनरनं पुन्हा 'अभंग रिपोस्ट' लावलं. हो, तोच मुंबईच्या पोरांचा बँड, ज्यावरून दिवाळीत आपलं वाजलं होतं. 'ड्रम बडवून कुठं भजन होतं का?' असं तुम्ही म्हणालात आणि मी ताटावरून उठलो. आता शांतपणे सांगतो. फर्स्ट इयरला होस्टेलवर 'इंडियन ओशन' चालायचं. त्यांचं 'कंदिसा' मलाही आवडायचं, पण त्यातला एक शब्द कळेल तर शपथ! मग एका रात्री रूमपार्टनरनं 'अभंग रिपोस्ट' लावलं आणि पुढची ओळ माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडली. पोरं बघतच राहिली. लहानपणी एकादशीला तुमच्या मांडीवर पेंगत ऐकलेलं सगळं आत शाबूत होतं. शब्द तेच, फक्त मृदंगाच्या जागी खालून बेस गिटार चाल धरते. शेवटी लय चढते तेव्हा तुमची भजनी मंडळी जशी जागेवरून उठतात, तसं आम्हीही खाटांवरून उठलो होतो.

नर्सी, सोमवार

नामदेव आपल्या जिल्ह्यातले, ही रूमपार्टनरची जुनी फुशारकी. म्हणून आज कयाधूकाठी त्यांच्या जन्मगावी आलो. मंदिरात पंजाबातून आलेलं एक शीख कुटुंब भेटलं. त्यांच्यासाठी ते 'भगत नामदेव'. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ चं साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं, तेही नामदेवांमुळेच. आबा, गुरुद्वारात ही पदं तबला-पेटीवर गातात. टाळ नाहीत म्हणून ती बाटली, असं तुम्ही म्हणाल का?

औंढा नागनाथ, मंगळवार

देवळाबाहेरचं कोरीवकाम बघता बघता मान दुखली. गाभारा खाली आहे, अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं. मला मात्र मागची बाजू बघायची होती. कीर्तनाचा व्यत्यय होतो म्हणून नामदेवांना देवळामागे घालवलं, ते तिथं गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट तुम्हीच सांगितलेली. नंदी खरंच मागे आहे! देऊळ फिरलं की नाही, देव जाणे. पण हाकलणाऱ्यांचं नाव कुणाच्या लक्षात नाही. हे मी भांडणासाठी लिहीत नाहीये (थोडं लिहितोय).

पुढच्या एकादशीला रूमपार्टनरला घेऊन येतो. काकूंनी तुमच्यासाठी हळद बांधून दिलीय. तो गिटार आणू का विचारतोय. ॲम्प्लिफायर नसेल, एवढा शब्द देतो. पट्टी कोणती धरायची, तेवढं कळवा.

तुमचा,
बाळू