उन्हात हिंडणारं पिशाच्च

माझ्या कपाटात एकच सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर आहे, व्हीसीडीवर आहे, डीव्हीडीवर आहे आणि ब्लू-रेवरही आहे. घरच्यांच्या मते हा हव्यास. माझं म्हणणं असं, की हे सिनेमे वेगवेगळे आहेत, नाव तेवढं एक: एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा १९२२ सालचा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’. कार्पेथियन डोंगरातल्या गढीत राहणारा काउंट ऑरलॉक मातीने भरलेल्या पेट्यांसह जहाजातून विसबोर्ग नावाच्या बंदराच्या गावी येतो. त्याच्याबरोबर उंदीर येतात आणि उंदरांबरोबर प्लेग.

गोष्ट मुळात ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची. ती वापरायची परवानगी प्राण-फिल्म या कंपनीने घेतलीच नव्हती. पात्रांची नावं बदलली, लंडनच्या जागी जर्मन गाव आणलं, पण श्रेयनामावलीत कादंबरीचं नाव मात्र प्रामाणिकपणे छापलं. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिने कज्जा सुरू केला. कंपनीचं दिवाळं निघालं आणि हाच तिचा पहिला आणि शेवटचा सिनेमा ठरला. १९२५मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. बऱ्याच नष्ट झाल्याही, पण परदेशी गेलेल्या काही वाचल्या. कुठे प्रसंग कापलेले, कुठे परक्या भाषेतल्या पाट्या जोडलेल्या, कुठे पात्रांना पुन्हा ‘ड्रॅक्युला’तली नावं दिलेली. या प्रतींवरून पुढच्या प्रती निघत गेल्या. अमेरिकेत तर या सिनेमावर कुणाचा हक्कच उरला नाही. व्हिडिओचा जमाना आला तसा ज्याच्या हाती जी प्रत लागली, ती त्याने कॅसेटवर भरून विकली.

माझी कॅसेट त्यातलीच. ऐंशीच्या दशकात एका मित्राच्या थोरल्या भावाने ती अमेरिकेहून आणली होती. ती एनटीएससी पद्धतीची आणि आपल्याकडचे व्हीसीआर पाल पद्धतीचे, त्यामुळे पडद्यावरचं चित्र खालून वर सरकतच राहायचं. दोन्ही चालवणारा व्हीसीआर भाड्याने मिळाला तेव्हा साताऱ्याच्या घरी सगळी भावंडं जमली. भाडं रात्रीचं, म्हणून रात्र जागून काढायची हा तेव्हाचा रिवाज. आधी ‘पुराना मंदिर’ झाला, त्यात यथेच्छ किंचाळून झालं आणि मग मी माझी कॅसेट लावली.

दहा मिनिटांत सगळे हसायला लागले. नायक हटर रस्त्याने चालतोय की तुरुतुरु पळतोय, कळेना. काउंट रात्रीचा म्हणून स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून निघाला, तर आजूबाजूला लख्ख ऊन. मावसभाऊ म्हणाला, “पिशाच्च आहे ना हे? मग उन्हात काय हिंडतंय?” शेवटी सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं आणि काउंट विरून गेला, तेव्हा तर खोली डोक्यावर घेतली सगळ्यांनी. आत्ता तर उन्हात फिरत होता!

आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तिला काउंटचं काही नव्हतं. जहाजाच्या तळातून उंदरांची रांग बाहेर पडली तशी ती म्हणाली, “एवढे उंदीर निघालेत आणि ही माणसं घरात काय बसलीत? गाव सोडायला नको का?” मग तिने लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. घरात उंदीर पडायला लागले की गाव ओस पाडून रानात झोपड्या घालायच्या. साथ ओसरेपर्यंत चूलही तिथेच. सिनेमा पुढे चालू होता आणि आम्ही आजीकडे तोंड करून बसलो होतो.

मावसभावाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे फिल्म सोसायटीच्या नादाला लागलो, मिळेल ते वाचायला लागलो, तेव्हा उलगडा झाला. त्या काळची फिल्म उजेड पकडायला इतकी मंद होती की बाहेरचा रात्रीचा प्रसंग रात्री टिपणं अवघड असे. तो दिवसाच चित्रित करायचा आणि मग प्रत निळ्या रंगात बुडवायची. दिव्याच्या उजेडातल्या खोल्या पिवळ्या, पहाट गुलाबी. १९२२चा प्रेक्षक निळा पडदा पाहिला की रात्र समजून घ्यायचा. माझ्या कॅसेटच्या पूर्वज प्रतीतून हे रंग केव्हाच गळून पडले होते आणि त्यांच्याबरोबर रात्रही. एरवीच्या सिनेमात हे एक वेळ खपलं असतं, इथे नाही. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा उजेडी फिरू शकतो. उन्हाने पिशाच्च मरतं ही कल्पना पडद्यावर रुजवली ती याच सिनेमाने. म्हणजे ज्या सिनेमाची सगळी मदार ऊन आणि अंधार यांच्या फरकावर, त्यातला तोच फरक माझ्या कॅसेटवर पुसला गेला होता.

वेगाचंही तेच. मूकपट सेकंदाला १८च्या आसपास चौकटींनी दाखवले जात. तेच २४ किंवा २५च्या गतीने पळवले की माणसं तुरुतुरु पळतात. पण मुर्नाऊने काही गोष्टी मुद्दामच अनैसर्गिक वेगाने पळवल्या आहेत. काउंटची घोडागाडी डोंगरातून झटके देत धावते, आणि पुढे तर निगेटिव्ह चित्रच वापरल्याने झाडं पांढरी आणि आभाळ काळं दिसतं. काउंट शवपेट्या गाडीवर झपाझप रचतो. हटरच्या जगाचा वेग माणसाचा आणि काउंटच्या जगाचा वेगळा, हे कळलं तर अंगावर काटा येणार. कॅसेटवर दोघंही सारखेच पळत होते.

व्हीसीडी ही त्यावरची अधोगती. अंधार होता तिथे चौकोन चौकोन दिसायचे आणि मागे कुणीतरी अख्खा वेळ सिंथेसायझर वाजवत होतं. मूकपटाला प्रत्येक विक्रेता आपापलं संगीत चिकटवतो, त्यामुळे भीतीचा सूरही डबीगणिक बदलतो. डीव्हीडीवर रंग परत आले. पण खरा फरक पडला तो ब्लू-रेने. पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेज या फिल्म संग्रहालयात १९२२ची, फ्रेंच पाट्यांची, रंगवलेली प्रत होती. ती मुख्य धरून जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने २००६मध्ये सिनेमा नव्याने उभा केला, हान्स एर्डमानच्या मूळ संगीताची पुन्हा जुळणी करून घेतली. ९४ मिनिटांचा हा सिनेमा २०१३मध्ये ब्लू-रेवर आला. हटर माणसासारखा चालू लागला. रात्र निळी झाली.

आणि मला काउंटची भीती वाटेनाशी झाली. धूसर कॅसेटमध्ये काउंट झालेल्या माक्स श्रेकचा चेहरा म्हणजे दोन काळे खड्डे होते. बाकीचं मन भरून काढायचं. आता टक्कल, कान, नखं, सगळी रंगभूषा नीट दिसते आणि तिच्या कारागिरीचं कौतुक वाटतं. कौतुक वाटलं की भीती संपली. पण आता लक्ष काउंटवरून हटून गावाकडे जाऊ लागलं. ड्रम वाजवत एक माणूस येतो आणि फर्मान वाचतो: संशयित रोग्यांना दवाखान्यात नेऊ नका, रस्त्यांवरून साथ पसरेल. खिडक्या पटापट बंद होतात. कुणी दारोदार जाऊन खडूने फुल्या मारतो. अरुंद रस्त्यावरून शवपेट्यांची रांग जाते. मग लोकांना कुणीतरी दोषी हवा असतो. ते हटरच्या मालकाच्या, वेड लागून पळून गेलेल्या नॉकच्या, मागे लागतात आणि शेतातलं बुजगावणं म्हणजेच तो, असं समजून ते फाडून टाकतात.

हे सगळं कॅसेटवरही बहुतेक असणार, पण तिथे ते धावतपळत निघून जायचं. २०२०च्या टाळेबंदीत ब्लू-रे पुन्हा लावली तेव्हा मात्र पाहवेना. आपल्याकडे तेव्हा लोकांच्या हातांवर ‘होम क्वारंटाइन’चे शिक्के मारत होते, दारांवर स्टिकर लागत होते, आणि दवाखान्यातून ड्यूटी करून आलेल्या नर्सला फाटकावर अडवलं जात होतं. मुर्नाऊचा काळही महायुद्ध आणि १९१८ची साथ यांच्या लगेच नंतरचा. त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. बर्लिनच्या प्रेक्षकाला दारावरची फुली समजावून सांगावी लागली नसेल, आणि आजीलाही लागली नव्हती.

तरीही ‘अस्सल’ प्रत विकत घ्या असं सांगणाऱ्यांचं मला पूर्ण पटत नाही. ब्लू-रेवरचा सिनेमाही निरनिराळ्या प्रतींमधून जुळवलेला आहे. कुठला रंग, कुठली गती, हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं आहे. ते ठरवणं उत्तम झालं आहे, एवढंच. मुर्नाऊची मूळ निगेटिव्ह तर उरलेलीच नाही.

भाच्याला परवा ब्लू-रे बघायला दिली. त्याच्याकडे प्लेअर नाही, म्हणून त्याने सिनेमा फोनवर शोधला आणि सवयीने दीडपट वेगाने पाहिला. इतक्या जणांनी खपून जो वेग जागेवर आणला, तो त्याने अंगठ्याने बिघडवला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने विचारलं, “काउंट ठीक आहे. पण ते लोक त्या बुजगावण्याला का फाडतात?” दीडपट वेगातही त्याला तेवढं दिसलं होतं. मग मी वेगाचा विषय काढलाच नाही. त्याला १८९७च्या पुण्यातल्या प्लेगपासून सांगायला सुरुवात केली.