होलाशोवित्से : दोनदा ओस पडलेलं गाव

चेस्के बुद्येयोवित्से शहर मागं पडलं आणि बसच्या खिडकीतून तळी दिसू लागली. चेक देशातला दक्षिण बोहेमिया हा तळ्यांचाच मुलूख. कार्प मासे वाढवायला इथे मध्ययुगापासून तळी खोदत आले आहेत. अर्ध्या तासात मी होलाशोवित्सेला उतरले.

गाव म्हणजे एक लांबट पटांगण आणि त्याला वेढून बसलेली 23 शेतकरी घरं. मधोमध हिरवळ, तळं, लोहारशाळा आणि 1755 सालचं सेंट जॉन नेपोमुकचं चिमुकलं चॅपेल. गावाचा पहिला लेखी उल्लेख 1263चा. पुढे 1292 साली राजानं ते विश्शी ब्रोदच्या मठाला इनाम दिलं आणि 1848पर्यंत गाव मठाकडेच राहिलं.

पाहत राहावं ते घरांच्या माथ्यांकडे. छपराखालची त्रिकोणी भिंत इथे सरळ रेषेत उतरत नाही. लाटेसारखी वळणं घेत खाली येते. त्यावर चुन्याच्या गिलाव्यात फुलं, वेली, आणि घर बांधल्याचं सालसुद्धा. शहरातल्या चर्चची बरोक शैली गावच्या गवंड्यांनी आपल्या हाताला येईल तशी घरावर आणली. बहुतेक घरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली.

एका घराशी मी बराच वेळ उभी राहिले. दोन माथे शेजारी शेजारी, मध्ये कमानीचा दरवाजा. मोठ्या भागात कर्ता शेतकरी राहायचा. असा दुसरा भाग कुठे धान्याचं कोठार असतो, कुठे ‘विमिएनेक’. मुलाच्या नावावर शेती केली की आईवडील तिथे राहायला जात, आणि त्यांना वर्षाला किती धान्य, किती दूध द्यायचं ते करारात लिहिलेलं असे. म्हातारपणाची एवढी रोखठोक सोय घराच्या बांधणीतच केलेली पाहून मला गलबलून आलं.

पण ज्यांनी ही घरं बांधली, त्यांचे वंशज आज इथे नाहीत. ही गोष्ट घरांच्याही आधी सुरू होते. 1520 ते 1525च्या प्लेगमध्ये गावात दोनच माणसं वाचली. त्या मृतांना पुरलं, तिथे आज स्मृतिस्तंभ आहे. मठानं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून गाव हळूहळू पुन्हा वसवलं, आणि ते जर्मन बोलणारं झालं. 1895 साली इथे 157 जर्मन होते आणि 19 चेक. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे 30 लाख जर्मनांना हाकलून दिलं, त्यात इथलीही माणसं गेली. चारशे वर्षं नांदलेलं गाव पुन्हा ओस पडलं.

मग कित्येक घरं पडीक झाली. मला मात्र वाटतं, त्यामुळेच ती टिकली. भिंत पाडून मोठी खिडकी बसवायला, माथा उतरवून सपाट स्लॅब टाकायला कुणी नव्हतंच. 1990नंतर डागडुजी झाली, गाव पुन्हा वसलं, आणि 1998 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ती यादी वाचताना हेवा वाटतो. इथे उभं राहिल्यावर त्या वारशाची किंमत कुणी मोजली ते कळतं.

आज गावात दीडशेच्या आतच माणसं राहतात. निघताना एका कमानीचा दरवाजा उघडा दिसला. आत अंगणात दोरीवर लहान मुलाचे मोजे वाळत होते, आणि भिंतीशी लाकडं नीट रचून ठेवली होती, येत्या थंडीसाठी.