चालती गाडी

मर्सिडीज १९० ई २.३-१६ या गाडीचे तांत्रिक वर्णन वाचले, तर ती केवळ वेगासाठी जन्मली असावी असेच वाटते. २२९९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, कॉसवर्थ या इंग्लिश कंपनीने घडविलेले सोळा व्हॉल्व्हचे हेड, १८५ अश्वशक्ती आणि ताशी २३० किलोमीटरचा कमाल वेग. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर या गाडीच्या नमुन्यांनी ५०,००० किलोमीटर अंतर ताशी सुमारे २४८ किलोमीटरच्या सरासरीने कापले. मे १९८४ मध्ये न्युरबुर्गरिंगच्या नव्या मार्गाच्या उद्घाटनाला याच गाड्यांची शर्यत झाली. त्या शर्यतीत तरुण आयर्टन सेनाने निकी लाउडाला मागे टाकले.

स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या आम्हा उभयतांकडे ही गाडी १९९८ साली आली. तिने आमच्याकडे बटाट्यांची पोती वाहिली, लेकीला व्हायोलिनच्या शिकवणीला नेले आणि पुण्याहून येणाऱ्या आईंना विमानतळावरून घरी आणले. गाडीला आमचा संसार शोभत नाही, असे शेजारी थट्टेने म्हणत. आम्हांला मात्र तो तिला मानवला असेच वाटते.

याचे कारण तिच्या दुखण्यांत आहे. मागच्या बाजूची उंची आपोआप सारखी ठेवणाऱ्या यंत्रणेत नायट्रोजन भरलेले गोळे असतात. त्यांतील रबरी पडदा वयाने थकतो, वायू निघून जातो आणि मागची बाजू दगडासारखी कडक होते. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांडे असतात. त्यांचे बुश वाळतात आणि मग वळणावर गाडी बेभरवशाची वाटू लागते. के-ई जेट्रॉनिक या इंधनयंत्रणेतील बारीक दट्ट्या शिळ्या पेट्रोलने चिकटतो. गंज तर बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांआड, जॅक लावण्याच्या जागी, कोणाच्या दृष्टीस न पडता वाढतो. यांतील एकही दुखणे वेगाने जडलेले नाही. धावण्याने झिजते ती टायमिंग चेन, विशेषतः सुरुवातीच्या इंजिनांतील एकपदरी. ती सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. परंतु चालविणाऱ्याला चेनची कुरकुर वेळीच ऐकू येते; बंद शेडमधील गंजाला आवाज नसतो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे, की आमच्यापैकी एकाची दृष्टी अधू झाली आहे आणि दुसऱ्याचा गुडघा क्लच दाबू देत नाही. गाडी विकणे भाग आहे. अशा गाड्यांचे मोल गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढले. पहिल्या गिऱ्हाइकाने आमच्या अपेक्षेहून अधिक रक्कम सांगितली. गाडी उबदार, कोरड्या गोदामात ठेवू, वाढत्या किलोमीटरांनी तिची किंमत उतरू देणार नाही, असे त्याने आश्वासनही दिले. दुसरी गिऱ्हाईक गावातील एक तरुण परिचारिका. तिची रक्कम बरीच कमी. रोज रुग्णालयात याच गाडीने जाण्याचा तिचा मानस.

निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना हा फरक लहान नव्हे. दोन संध्याकाळी आम्ही कागदावर आकडे मांडले. गोदामवाल्याचे चूक आहे असेही आम्ही म्हणणार नाही. काही गाड्या मूळ स्वरूपात राहिल्या नाहीत, तर पुढच्यांना त्या कशा होत्या हे कळायचे कसे? पण सत्तावीस वर्षांची बिले चाळताना ध्यानात आले, की आमच्या गाडीचे जवळजवळ सारे मूळपण केव्हाच बदलून गेले आहे. शिल्लक आहे तो तिचा चालण्याचा सराव. त्याला गोदामात काही काम नव्हते.

आम्ही परिचारिकेला होकार कळविला. बिलांची फाईल तिला देताना पहिल्या पानावर दोनच सूचना लिहिल्या : हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडले की गाडी खालून धुवावी, आणि इंजिन थंड असताना कान उघडे ठेवावेत.