कोणतं गृहीत मोडलं?

'तर्कशास्त्रावर लिहा, पण सोपं लिहा,' असं संपादकांनी सांगितलं. या विषयात एक पायरी गाळली तरी निष्कर्ष हातचा जातो, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वरकुट्याला पारावर कालव्याच्या आवर्तनावरून वाद पेटला होता. टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडचे शेतकरी म्हणत होते, चारीला पाणी आलंच नाही. कॉलेजात शिकणारा एक हुशार मुलगा उठला आणि त्याने मांडलं: समजा, पाणी आलं नाही. मग टेलच्या विहिरी आटायला हव्या होत्या. त्या आटलेल्या नाहीत. म्हणजे पाणी आलं. सगळे गप्प झाले. टेलचे एक तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, पोराचं गणित बरोबर असंल, पण पाणी आलं न्हाय. मी दारं धरायला रातभर बांधावर व्हतो."

मुलाने वापरली ती शाळेतली अप्रत्यक्ष सिद्धता. जे सिद्ध करायचं त्याच्या उलट खरं मानायचं, त्यातून निष्कर्ष काढत जायचं आणि विसंगती गाठली की मानलेलं खोटं ठरवायचं. दहावीच्या भूमितीत स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, हे असंच सिद्ध करतात. मुलाची रीत चुकली नव्हती. पण त्याने एक नव्हे, दोन गोष्टी मानल्या होत्या. न बोललेली दुसरी अशी, की विहिरींना कालव्याशिवाय पाणी येत नाही. ओढ्यावर बंधारा आहे आणि त्याचा पाझर त्याच विहिरींकडे जातो. विसंगती एवढंच सांगते की मानलेल्यांपैकी काहीतरी खोटं आहे. कोणतं, हे ती सांगत नाही.

मी पारावर तेवढंच बोललो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पाणी आलं नाही हे सरांनी सिद्ध केलं. मी तसं काहीही सिद्ध केलं नव्हतं. सिद्धता पडली म्हणून तिचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो फक्त सिद्ध व्हायचा राहतो. इतकी वर्षं शिकवूनही हा फरक लोकांच्या गळी उतरवणं मला जमलेलं नाही, आणि त्याने थकायला होतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या वादाकडे येतो. विसंगतीच्या सिद्धतेचं पहिलं उदाहरण म्हणून जो तो २ चं वर्गमूळ अपरिमेय असल्याची सिद्धता देतो. समजा, ते वर्गमूळ म आणि न या पूर्णांकांचं गुणोत्तर आहे आणि दोघांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. मग म चा वर्ग न च्या वर्गाच्या दुप्पट. म्हणून म सम. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो, म्हणून न चा वर्गही सम, आणि न सुद्धा सम. दोन्ही सम, म्हणजे २ हा सामाईक विभाजक निघाला. विसंगती! सिद्धता देखणी आहे, पण उदाहरण चुकीच्या जागी आहे. अपरिमेय म्हणजेच परिमेय नसलेली. 'अमुक नाही' हे दाखवायला 'अमुक आहे' मानून विसंगती गाठणं हा आडमार्ग नाही, तोच सरळ मार्ग आहे. आडमार्ग वेगळा: 'अमुक नाही' असं मानायचं, विसंगती गाठायची आणि 'म्हणून अमुक आहे' म्हणायचं. इथे दोन नकारांचा होकार करावा लागतो. डच गणिती ब्राउवर यांनी १९०८ मध्ये या उडीच्या मुळाशी असलेल्या 'अमुक आहे किंवा नाही, तिसरं काही नाही' या नियमालाच हरकत घेतली. एखादी वस्तू नसणं अशक्य ठरलं, तरी तेवढ्याने ती हाती येत नाही, हा त्यांच्या हरकतीचा गाभा. जर्मन गणिती हिल्बर्ट यांनी त्यांना कडाडून विरोध केला. बहुतेक गणिती हिल्बर्ट यांच्या बाजूने राहिले. रोजच्या कामात मीही तिथेच आहे. पण दोन जातींच्या सिद्धता एकाच नावाखाली मुलांपुढे ठेवणं मला सहन होत नाही. पारावरची सिद्धता दुसऱ्या जातीची होती.

आपल्या नैयायिकांना या रीतीची मर्यादा नीट ठाऊक होती, याचा मला अभिमान वाटतो. न्यायसूत्रकार गौतमांच्या सोळा पदार्थांत तर्काला, म्हणजे याच रीतीला, जागा आहे, पण चार प्रमाणांत, म्हणजे ज्ञानाच्या साधनांत, नाही. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त तर तो संशय आणि विपर्यय यांच्यासोबत अयथार्थ अनुभवात मोडतो, कारण त्यात खोटं जाणूनबुजून मानलेलं असतं. डोंगरावर अग्नी नाही असं मानलं, तर धूरही नसायला हवा. एवढ्याने शंका फिटते; अग्नीचं ज्ञान मात्र अनुमानाने होतं.

न बोललेल्या गृहीताचं एक उदाहरण आपल्या गणितातही आहे. विदर्भात पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून पुढे काशीला गेलेल्या घराण्यातले कृष्ण दैवज्ञ यांनी १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हे भास्कराचार्यांनी सांगून ठेवलेलं. कृष्ण त्याची उपपत्ती देतात. ऋण संख्या कोणाचा वर्ग मानायची? धनाचा मानावा, तर धनाचा वर्ग धन. ऋणाचा मानावा, तर त्याचाही वर्ग धनच. मग ज्याचा वर्ग ऋण यावा असा अंक दिसत नाही. युक्तिवाद चोख आहे. पण संख्या एक तर धन किंवा ऋण (शून्य सोडून), हेही त्यात मानलेलं आहे. इटलीत बॉम्बेली यांनी १५७२ मध्येच ऋण संख्यांच्या वर्गमुळांचे गुणाकाराचे नियम छापले होते. त्या वर्गमुळांतून वाट काढत एका त्रिघाती समीकरणाचं ४ हे साधं, धन उत्तर त्यांनी मिळवलं. पुढे गणिताने वर्गमूळ ठेवलं आणि 'संख्या दोनच जातींची' हे गृहीत सोडलं. धन-ऋण संख्यांपुरती कृष्णांची उपपत्ती आजही निर्दोष आहे.

मानलेलं सगळं आधी कागदावर लिहा, असं मी मुलांना सांगतो. एका मुलीने विचारलं, "सर, आपण मानलंय हेच जे आपल्याला माहीत नाही, ते कसं लिहायचं?" समाधानकारक उत्तर मला देता आलं नाही, आणि कोणाला देता येईल असंही वाटत नाही. मी एवढंच करतो, की 'हे पक्षाशी विसंगत आहे' या ओळीवर सिद्धता थांबली तर पूर्ण गुण देत नाही. कोणतं गृहीत मोडलं आणि तेच का, अशी आणखी एक ओळ मागतो. परीक्षेत तिला वेगळे गुण नसतात, अशी पालकांची तक्रार येते. ती ओळ मी मागत राहणार आहे.