नामचेच्या बाजारपेठेत संपणारी शर्यत

नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातील नामचे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 3,440 मीटर उंचीवर, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या डोंगरउतारावर वसले आहे. एव्हरेस्टकडे निघालेल्या गिर्यारोहकांचा मुक्काम म्हणून आज ते प्रसिद्ध असले, तरी त्याची जुनी ओळख बाजारपेठेची. सुमारे 5,700 मीटर उंचीची नांगपा ला खिंड ओलांडून तिबेटातून याकांच्या पाठीवर मीठ व लोकर येई, खालच्या खोऱ्यांतून धान्य चढे, आणि नामचेचे शेर्पा व्यापारी या दोहोंची अदलाबदल करीत. दोन्ही बाजूंच्या मालाची पारख असणारा मध्यस्थ कोणत्याही पेठेत असतो, तसाच तो येथेही होता.

याच पेठेत एका विलक्षण शर्यतीचा शेवट ठेवण्यात आला. इंग्लंडमधील गिरिभ्रमण घडवून आणणाऱ्या एका छोट्या संस्थेने 1987च्या नोव्हेंबरमध्ये पहिली एव्हरेस्ट मॅरेथॉन भरवली आणि पुढे साधारणतः दर दोन वर्षांनी तिचे आयोजन होऊ लागले. आरंभ गोरक शेप येथे, सुमारे 5,180 मीटरवर. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्माच असतो. त्यामुळे परदेशी स्पर्धकांना आधी दोन-अडीच आठवडे पायी चढत शरीर त्या हवेला सरावून घ्यावे लागे. सोबत डॉक्टरांचे पथक असे.

मार्ग एकंदरीत उताराचा आहे, म्हणून तो सोपा समजण्याचे कारण नाही. लोबुचेपर्यंत हिमनदीने टाकलेले दगडगोटे, पुढे फेरिचेचे वाऱ्याने झोडपलेले मैदान, मग पांगबोचे, झुलते पूल आणि तेंगबोचेच्या मठाकडे नेणारी चढण. मठावरून उतरलेला रस्ता नदी ओलांडून पुन्हा उभा चढतो. दमलेला धावपटू नामचेत पोचतो तेव्हाही सुटका नाहीच. ठामोच्या दिशेने जाऊन परत येण्याचे सुमारे 10 किलोमीटर उरलेले असतात. पहिले क्रमांक बहुधा नेपाळी धावपटूंचेच. ज्यांना चार तासांच्या आसपास पुरतात, त्यांच्यामागे कित्येक परदेशी पाहुणे त्याच्या दुप्पट वेळ घेतात.

स्पर्धक आपल्या आप्तेष्टांकडून, सहकाऱ्यांकडून देणग्या मिळवीत. ही रक्कम ग्रामीण नेपाळातील आरोग्य व शिक्षणाच्या कामांसाठी काढलेल्या स्वतंत्र धर्मादाय निधीत जाई. हिशेबाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची. प्रवासाचा खर्च आणि दानाची रक्कम एकाच वहीत मिसळली, की दात्याचा विश्वास प्रथम उडतो.

औषधोपचाराची गरज येथे किती खोल आहे, हे नामचेच्या वर तासा-दीड तासाच्या चढणीवर असलेल्या खुंदे गावात कळते. एडमंड हिलरी यांच्या हिमालयन ट्रस्टने 1966मध्ये तेथे छोटे रुग्णालय उभारले. (शर्यतीचा निधी वेगळा आणि हा ट्रस्ट वेगळा.) त्या काळी खुंबूत गलगंड घरोघरी दिसे. अनेक मुले मूकबधिर आणि मतिमंद जन्मत. डोंगरातील मातीत आयोडीन नव्हते आणि ज्या तिबेटी मिठावर नामचेची पेठ उभी होती, त्यातही ते नव्हते. डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने देण्यास प्रारंभ केला. एका इंजेक्शनचा परिणाम काही वर्षे टिकतो. पुढच्या पिढीत तशी मुले जन्माला येणे जवळजवळ थांबले. पुढे याच रुग्णालयात आरोग्यसेवक म्हणून काम केलेला एक शेर्पा तरुण वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाला व रुग्णालयाचा प्रमुखही झाला.

इमारत एकदाच बांधावी लागते. औषधांचा साठा, आरोग्यसेवकाचा पगार, कंदिलाचे तेल वा सौर दिव्याची बॅटरी मात्र दरवर्षी लागते. बँकेच्या भाषेत पहिला भांडवली खर्च, दुसरा महसुली. देणगीदाराला संगमरवरी पाटी लावता येणारा पहिला खर्च अधिक भावतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ठराविक काळाने पुन्हा भरणाऱ्या शर्यतीचे खरे मोल येथे आहे: दर खेपेस नवे धावपटू, नवे दाते आणि तीच जुनी, न संपणारी गरज. फेरिचेला 1973पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदतकेंद्र चालते. पर्यटकांच्या हंगामात तेथे स्वयंसेवक डॉक्टर असतात आणि स्थानिकांनाही तपासतात; पण हंगाम सरला की ते बंद होते. हिवाळ्यात आजारी पडणाऱ्याने काय करावे?

खुंबूत मोटाररस्ता नाही. लुक्लाच्या धावपट्टीपासून नामचे दोन दिवसांच्या चालीवर. तांदूळ, घासलेट, पत्रे, औषधांची खोकी, सारे काही डोको नावाच्या बांबूच्या टोपलीत, कपाळावर नाम्लोचा पट्टा ताणून, माणसांच्या पाठीवरून अथवा याकांवरून वर चढते. शनिवारी नामचेत आठवडी बाजार भरतो. त्याच्या आदल्या दिवशी खालच्या पुलापासून गावापर्यंतच्या उभ्या चढणीवर हे भारवाहक टोपलीखाली काठी टेकून थांबत थांबत वर येताना दिसतात.